पळसाची तारीख

२०२४ ची होळी आटोपली आणि मी भंडाऱ्याहून एकटीच जपानला निघाले. ‘‘फुलं पाहायला इतक्या दूर?’’ शेजारच्या काकू म्हणाल्या.

क्योतोत साकुरा बहरला होता. पण त्याहून मनात राहिल्या त्या बहराच्या नोंदी. तिथल्या दरबारी मंडळींनी, भिक्षूंनी रोजनिशीत बहराचे दिवस टिपले. यासुयुकी आओनो या संशोधकांनी ते जुळवले. सर्वांत जुनी नोंद इ. स. ८१२ ची. म्हणून तर कळलं, की २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला बहर तोवरच्या बाराशे वर्षांत सर्वांत लवकरचा होता. हवा तापत चालल्याची साक्ष जुन्या रोजनिशांनी दिली.

आपल्या वैनगंगेकाठीही फाल्गुनात पळस पेटतो. माझी आजी त्या फुलांचा रंग करी. तेव्हा तो कधी फुलायचा? तिने लिहिलं नाही, मी विचारलं नाही. आता ती नाही. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुने स्तूप सापडले. दगड मातीखाली टिकतो. फुलाचा दिवस लिहिला तरच टिकतो.

परतल्यावर मी एक वही घातली. पळसाचं पहिलं फूल दिसलं, की तारीख लिहिते. श्रोतेहो, तुम्हीही लिहा.