पॅकार्डची धाकटी गाडी

महागड्या गाड्या करणाऱ्या कंपनीने लहान, स्वस्त गाडी काढावी की नाही, या प्रश्नावर आमच्या घराण्यात कायमचे दोन तट आहेत. काकांचं मत असं, की मर्सिडीज ती मर्सिडीज. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशाला? चुलतभावाचं मत याच्या बरोबर उलटं. तिशीतला मुलगा आज लहान मर्सिडीज घेईल, तर पन्नाशीत मोठी घेईल, असं तो म्हणतो. अशा वादात गाड्यांचा इतिहास वाचणारा कुणी असला, की तो शेवटी एक नाव काढतो आणि समोरच्याला गप्प करतो. ते नाव म्हणजे पॅकार्ड. 'स्वस्त गाडी काढली आणि संपली', एवढ्या एका वाक्यात त्या कंपनीचा निकाल लावला जातो.

मला हे वाक्य पटत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे, जुनी आहे, पण मंडळी, ऐकण्यासारखी आहे.

जेम्स वॉर्ड पॅकार्ड हा ओहायो राज्यातल्या वॉरन गावचा. विजेच्या दिव्यांचा कारखाना होता त्याचा. 1898 मध्ये त्याने विंटन कंपनीची एक गाडी घेतली. ती सारखी बिघडायला लागली, म्हणून तो तक्रार घेऊन थेट मालकाकडे गेला. एवढं कळतं तर स्वतःच करून दाखव, असं विंटनने त्याला सुनावलं म्हणतात. पॅकार्डने ते मनावर घेतलं. 1899 मध्ये त्याची पहिली गाडी रस्त्यावर आली आणि 1903 मध्ये कंपनी डेट्रॉइटला गेली. जाहिरातीत ते गाडीची स्तुती फारशी करत नसत. ज्याच्याकडे आमची गाडी आहे त्यालाच विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं. केवढा हा आत्मविश्वास!

आणि तो फुकाचा नव्हता. 1915 मध्ये त्यांनी बारा सिलिंडरची 'ट्विन सिक्स' आणली. 1921 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग शपथविधीला गेले ते पॅकार्डमधून. घोड्यांची बग्गी सोडून मोटारीतून शपथविधीला जाणारे ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गॅरेजातही पॅकार्ड असायची. 1928 मध्ये कंपनीने सुमारे 50 हजार गाड्या विकल्या. त्या किमतीच्या गाड्यांत हा आकडा प्रचंड होता.

मग 1929 ची मंदी आली. 1934 मध्ये पॅकार्डची विक्री दहा हजारांच्याही खाली घसरली. बरोबरीच्या कंपन्या एकेक करून गेल्या. पीअरलेसने 1931 मध्ये गाड्या करणं थांबवलं, मार्मन 1933 मध्ये, फ्रँकलिन 1934 मध्ये, पीअर्स-ॲरो 1938 मध्ये. यातल्या कुणीही स्वस्ताईच्या मोहाला बळी पडून नाव घालवलं असं म्हणता येत नाही. नाव शाबूत होतं, गिऱ्हाईक नव्हतं! कॅडिलॅक टिकली, कारण तिच्या मागे जनरल मोटर्स होती. लिंकनच्या मागे फोर्ड होती. पॅकार्डच्या मागे कुणी नव्हतं.

पहिला प्रयत्न फसला. 1932 मध्ये त्यांनी 1,750 डॉलरपासून सुरू होणारी 'लाइट एट' काढली. ती मोठ्या गाडीइतक्याच निगुतीने, त्याच जुन्या पद्धतीने बांधली जायची. त्यामुळे खर्च जवळजवळ मोठीएवढाच आणि भाव कमी. वर मोठी घेणारेच ही घ्यायला लागले. वर्षभरात ती गुंडाळावी लागली.

दुसरा प्रयत्न मात्र डोकं लावून केला. जनरल मोटर्समध्ये मोठ्या प्रमाणावर गाड्या काढण्याचं काम ज्यांच्या हाताखालून गेलं होतं, अशी माणसं आणली. धाकट्या गाडीसाठी कारखान्यात स्वतंत्र व्यवस्था केली. जानेवारी 1935 मध्ये 'वन ट्वेंटी' आली, किंमत 980 डॉलरपासून. आधीची लाइट एटसुद्धा 1,750 डॉलरपासून होती, यावरून उडी केवढी होती ते बघा.

आणि आता माझ्या मते या गोष्टीतला कळीचा भाग. वन ट्वेंटीला तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते आणि पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे खालीवर होणारी होती. पॅकार्डच्या मोठ्या गाड्यांना या दोन्ही गोष्टी 1937 मध्ये मिळाल्या. म्हणजे दोन वर्षं धाकटी थोरलीच्या पुढे होती! रेडिएटरची ओळखीची ठेवण तीच. आकार लहान, खर्चात काटकसर, पण गाडी चालवणाऱ्याला आपल्याला उरलंसुरलं दिलंय असं वाटायला जागा नव्हती.

लोकांनी उचलून धरली. 1935 मध्ये सुमारे 25 हजार, 1936 मध्ये सुमारे 55 हजार वन ट्वेंटी खपल्या. 1937 मध्ये त्याहून स्वस्त सहा सिलिंडरची पॅकार्ड आली, 795 डॉलरपासून, आणि त्या वर्षी कंपनीच्या गाड्या लाखाच्या वर गेल्या. स्वस्त गाडीने पॅकार्डला मारलं म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, की 1935 मध्ये ती निघाली नसती तर पॅकार्ड कोणत्या साली बंद पडली असती? माझा अंदाज, पीअर्स-ॲरोच्या आसपास.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते माडीवर. तळमजल्यावर गर्दी झाली आणि माडीवर झाडलोट करायला कुणी उरलं नाही. बारा सिलिंडरची पॅकार्ड 1939 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी तेवढ्या तोलाचं काही आलं नाही. 1941 मध्ये 'क्लिपर' आली. देखणी होती, पण महायुद्ध संपल्यावर स्वस्त आणि महाग अशा दोन्ही पॅकार्ड त्याच एका अंगाच्या निघाल्या. दारात उभी आहे ती कुठली, हे शेजाऱ्याला जवळ जाऊन बघावं लागे. जास्त पैसे मोजणाऱ्या माणसाला हे कसं रुचेल? त्यातच टॅक्सीवाल्यांसाठीही पॅकार्ड निघत होती.

वाईट याचं वाटतं, की तेव्हा कंपनी कंगाल नव्हती. युद्धात त्यांनी रोल्स-रॉइसची मर्लिन विमान इंजिनं परवान्यावर केली, 55 हजारांच्या वर. मुस्टँग विमानं त्याच इंजिनांवर उडाली. इतकं अवघड इंजिन इतक्या संख्येने करणाऱ्या कारागिरांना उत्तम मोटार करता आली नसती, असं कोण म्हणेल? युद्धानंतर गाड्यांची टंचाई होती. जे निघेल ते विकलं जात होतं. वरची गाडी नव्याने उभी करायची ती वेळ होती. पॅकार्डने मात्र भर दिला तो खालच्या गाड्यांच्या संख्येवर.

शेजारी कॅडिलॅक काय करत होती बघा. तिनेही 1927 मध्ये खालच्या किमतीची गाडी काढली होती, पण वेगळ्या नावाने, 'लासाल'. 1940 मध्ये ते नाव बंद करून तिने 1941 च्या स्वस्तातल्या गाडीला सरळ कॅडिलॅक हेच नाव दिलं. म्हणजे जिंकणारीनेही तेच 'पाप' केलं होतं! फरक इतकाच, की कॅडिलॅकची माडी सदैव झगमगत होती. 1949 मध्ये तिचं नवं व्ही-आठ इंजिन आलं. पॅकार्डचं व्ही-आठ यायला 1955 उजाडलं. 1950 मध्ये कॅडिलॅकने वर्षाला लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला, पॅकार्ड त्याच्या निम्म्यालाही पोचली नाही.

पुढचं दुर्दैव सगळं स्वस्त गाडीच्या माथी मारता येणार नाही. गाड्यांचे सांगाडे करून देणारी ब्रिग्ज कंपनी 1953 मध्ये क्रायस्लरने विकत घेतली आणि पॅकार्डला घाईघाईने स्वतःची सोय बघावी लागली. 1954 मध्ये पॅकार्डने स्टुडबेकर विकत घेतली, आणि ती आतून पोकळ निघाली. नवे अध्यक्ष जेम्स नॅन्स यांनी क्लिपर हे नाव वेगळं काढून पॅकार्ड पुन्हा फक्त वरच्या वर्गासाठी ठेवायचा प्रयत्न केला. विचार चांगला होता, पण उशीर झाला होता. जून 1956 मध्ये डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. त्यानंतर दोन वर्षं स्टुडबेकरलाच पॅकार्डचं नाव लावून विकलं आणि 1958 मध्ये तेही संपलं. ज्याच्याकडे आहे त्याला विचारा म्हणणाऱ्यांची ही अखेर!

हेच पुढे पुन्हा घडलेलं दिसतं, दोन्ही तऱ्हांनी. 1982 च्या सुमारास दोन 'धाकट्या' गाड्या आल्या. कॅडिलॅकची सिमरॉन ही मुळात शेवरोलेची कॅव्हेलियर, वर चामड्याच्या सीट आणि कॅडिलॅकचं चिन्ह. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. 1988 मध्ये ती बंद झाली आणि आजही चेष्टेचा विषय आहे. मर्सिडीजची 190 मात्र मुळापासून नवी बांधलेली होती. मागच्या चाकांची पाच दांड्यांची रचना त्यांनी तिच्यापासून सुरू केली आणि मग मोठ्या गाड्यांना दिली. 1993 पर्यंत अशा 18 लाखांवर गाड्या निघाल्या आणि मर्सिडीजचं नाव तसूभरही खाली आलं नाही. 1997 मध्ये त्याहून लहान ए-क्लास स्वीडनमधल्या एका चाचणीत चक्क उलटली, तेव्हा गाड्यांचं वाटप थांबवून प्रत्येक गाडीला घसरण रोखणारी यंत्रणा बसवून दिली गेली. खर्च झाला, पण धाकटीवर खर्च करायला कंपनी कचरली नाही.

याच मर्सिडीजने 2022 मध्ये मात्र जाहीर केलं, की सुरुवातीच्या गटातल्या सातऐवजी चारच गाड्या ठेवायच्या आणि लक्ष वरच्या गाड्यांकडे वळवायचं. मला हा निर्णय वाचून काकांसारखा आनंद झाला नाही आणि चुलतभावासारखा रागही आला नाही. माडी झाडायला घेतली हे चांगलंच. फक्त तळमजल्याचं दार बंद करताना पीअरलेस आणि मार्मन आठवावेत. असे निर्णय श्टुटगार्टला होतात, पण त्यांच्यावर घरं चालतात ती चाकणलाही. तिथे 2009 पासून या गाड्या जोडल्या जातात.

पॅकार्डचा डेट्रॉइटचा कारखाना अल्बर्ट कान या नामवंत वास्तुविशारदाने बांधलेला, प्रबलित काँक्रीटचा, अवाढव्य. गाड्या थांबल्यावर तो हळूहळू ओसाड पडत गेला. 2022 मध्ये तो पाडायला सुरुवात झाली. त्याच्या पडक्या भिंतींचे फोटो पाहताना मला किमतीचे आकडे आठवत नाहीत. 1935 मध्ये मंदीच्या ऐन तडाख्यात, 980 डॉलरच्या गाडीला मोठ्या गाडीच्या आधी चांगले ब्रेक बसवणारी ती माणसं आठवतात. त्या एका गाडीने त्यांच्या चुली आणखी वीस वर्षं पेटत्या ठेवल्या. तिला खुनी म्हणणं मला तरी जमत नाही.

असो. बरंच लांबलं. पॅकार्डचं नाव निघालं, की आता तुम्हीही थोडं भांडा.