विजेत्यांच्या पलीकडची लीग

इंग्लंडच्या फुटबॉलवर ग्रंथांची वाण नाही. पण नॉर्दर्न प्रीमियर लीगसारख्या प्रादेशिक स्पर्धा त्यांत येतात त्या बहुधा एखाद्या नामवंताची उमेदवारी सांगण्यापुरत्या. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून खेळताना आठवड्याला तीस पौंड मिळवी आणि दिवसा कारखान्यात राबे, हे सर्वश्रुत आहे. त्याच्याबरोबर खेळलेले आणि पुढेही तिथेच राहिलेले खेळाडू कोण, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी. नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करणारा खेळाडू हाच या लीगचा कणा आहे.

लीग सुरू झाली १९६८ मध्ये. पहिले विजेतेपद मॅकल्सफील्ड टाउनचे. त्या काळी वरच्या फुटबॉल लीगमध्ये शिरायला मैदानावर जिंकून भागत नसे, तिथल्या क्लबांची मते मिळवावी लागत. १९७७-७८ चा मोसम जिंकला बॉस्टन युनायटेडने, पण वर गेले ते दुसरे आलेले विगन ॲथलेटिक. त्यांच्यासाठी जागा गमावलेला साउथपोर्ट याच लीगमध्ये उतरला. विजेत्यांसाठी वरचे दार १९८७ मध्ये उघडले, तेही या लीगच्या वर आलेल्या नव्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्यांसाठी. म्हणून या काळाचा अभ्यास केवळ गुणतक्त्यांवर करता येत नाही. बैठकींची इतिवृत्ते वाचावीच लागतात.

मैदानेही वाचावी लागतात. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीत मरीन क्लबच्या मैदानाला घरांच्या परसबागा अगदी भिडलेल्या आहेत. १० जानेवारी २०२१ रोजी एफए कपच्या तिसऱ्या फेरीत तेव्हा याच लीगमध्ये, आठव्या स्तरावर खेळणाऱ्या या क्लबकडे सर्वोच्च स्तरावरचा टॉटनहॅम खेळायला आला. साथीमुळे प्रेक्षकांना बंदी होती. शेजाऱ्यांनी कुंपणावरून सामना पाहिला. मरीन ०-५ ने हरले, पण प्रत्यक्ष प्रवेश नसलेली तीस हजारांहून अधिक तिकिटे लोकांनी केवळ क्लबला हातभार म्हणून घेतली. माझ्या मते त्या दिवसाची खरी नोंद या तिकिटांत आहे.

साधने विखुरलेली आहेत: सामन्यांच्या पुस्तिका, गावोगावची वर्तमानपत्रे, जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी. यांतल्या आठवणी आधी टिपून घ्याव्यात. कागद थोडे थांबतील. तिकीटखिडकीवर कोण बसे, मैदान कोण आखे, बाहेरगावच्या सामन्याच्या बसचे भाडे कुठून येई, हे विचारावे. अशा प्रश्नांना ही माणसे भरभरून उत्तरे देतात.