ऑनलाइन स्क्रॅबल

ऑनलाइन स्क्रॅबल म्हणजे स्क्रॅबल हा इंग्रजी शब्दरचनेचा पटावरील खेळ आंतरजालाद्वारे दूरस्थ प्रतिस्पर्ध्याशी खेळण्याचा प्रकार होय. अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात हा खेळ तयार केला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनॉट यांनी त्याला आजचे नाव दिले. खेळाचे हक्क अमेरिका व कॅनडात हॅस्ब्रो, तर उर्वरित जगात मॅटेल या कंपनीकडे आहेत. ही प्रादेशिक विभागणी आंतरजालावर फारशी सोयीची ठरली नाही, कारण तेथे एकाच पटावर खेळणारे दोघे अनेकदा वेगवेगळ्या देशांतील असतात.

== स्वरूप ==
पट १५ × १५ घरांचा असून त्यात १०० सोंगट्या असतात. त्यांपैकी दोन कोऱ्या असतात. प्रत्येक खेळाडूजवळ एका वेळी सात सोंगट्या असतात आणि त्या सातही एकाच खेळीत वापरल्यास ५० अधिक गुण मिळतात. स्पर्धांमध्ये सामान्यतः प्रत्येकास २५ मिनिटे मिळतात. आंतरजालावर मात्र याहून पुष्कळ जलद डावही खेळले जातात.

मान्य शब्दांच्या दोन याद्या प्रचलित आहेत. उत्तर अमेरिकेतील बहुतेक स्पर्धांत तेथील स्वतंत्र यादी, तर भारतासह अन्यत्र कॉलिन्सची सुमारे २,८०,००० शब्दांची यादी वापरतात. ‘सी-एच’ हा दोन अक्षरांचा शब्द कॉलिन्सच्या यादीत मान्य, पण अमेरिकन यादीत अमान्य आहे. त्यामुळे डावापूर्वी यादी ठरवावी लागते. भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेले ‘घी’, ‘लाख’, ‘धोती’, ‘पूजा’ हे शब्दही कॉलिन्सच्या यादीत आहेत.

== स्क्रॅब्युलस प्रकरण ==
ऑनलाइन स्क्रॅबलच्या प्रसाराचा सर्वांत गाजलेला टप्पा कोलकात्यात घडला. तेथील रजत आणि जयंत अगरवाला या बंधूंनी तयार केलेला ‘स्क्रॅब्युलस’ हा खेळ २००७ मध्ये फेसबुकवर आला आणि अल्पावधीत कमालीचा लोकप्रिय झाला. त्यासाठी हक्कधारक कंपन्यांची परवानगी घेतलेली नव्हती. जानेवारी २००८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तो हटवण्याची मागणी केली. जुलैमध्ये हॅस्ब्रोने अमेरिकेत दावा दाखल केला आणि काही दिवसांतच अमेरिका व कॅनडातील खेळाडूंसाठी स्क्रॅब्युलस बंद झाला. अनेकांचे डाव अर्धवट राहिले.

भारतात मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती. सप्टेंबर २००८ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने ‘स्क्रॅब्युलस’ या नावाचा वापर रोखला, कारण ते ‘स्क्रॅबल’ या व्यापारचिन्हाशी भ्रामक साम्य राखणारे होते. पट व नियम यांवरील स्वामित्वहक्काचा दावा मात्र प्रथमदर्शनी मान्य केला नाही. कल्पना आणि तिची अभिव्यक्ती एकमेकींपासून वेगळी काढता येत नसेल, तर अभिव्यक्तीला संरक्षण देणे म्हणजे कल्पनेचीच मक्तेदारी देणे ठरेल, असा हा युक्तिवाद होता. भारतातील स्वामित्वहक्काच्या चर्चेत हा आदेश आजही उद्धृत होतो. बंधूंनी पुढे ‘लेक्स्युलस’ या नावाने खेळ चालू ठेवला. त्यात सातऐवजी आठ सोंगट्या आहेत. हॅस्ब्रोने त्याच वर्षाअखेर आपला दावा मागे घेतला.

== आक्षेपाचा प्रश्न ==
पटावरील खेळात खोटा शब्द लावणे हा गैरप्रकार नसून डावपेच आहे. प्रतिस्पर्ध्याने आक्षेप घेतला नाही, तर तो शब्द व त्याचे गुण कायम राहतात. आक्षेप चुकल्यास नियमानुसार गुणांचा किंवा खेळीचा दंड बसतो. संगणक अमान्य शब्द स्वीकारतच नसेल, तर खेळातील हे धाडस संपते. अनेक सामान्य अनुप्रयोगांत असेच घडते आणि नवखे खेळाडू अंदाजाने अक्षरे जुळवत राहतात. म्हणून इंटरनेट स्क्रॅबल क्लब, वूगल्स यांसारख्या स्पर्धात्मक खेळाच्या संकेतस्थळांवर आक्षेपाचा प्रकार निवडण्याची सोय आहे. २०२० मध्ये सुरू झालेले वूगल्स हे स्वयंसेवकांनी चालवलेले ना-नफा संकेतस्थळ आहे.

== गैरप्रकार ==
दुसऱ्या खिडकीत शब्दशोधक उघडून उत्तम खेळी काढणे ही ऑनलाइन खेळातील सर्वांत अवघड समस्या होय. संगणकाची ताकद येथे निर्विवाद आहे: २००६ मध्ये टोरंटो येथे ‘क्वॅकल’ या प्रणालीने माजी जगज्जेते डेव्हिड बॉयस यांना हरवले होते. तीच प्रणाली आज खेळाडू डाव संपल्यावर आपल्या चुका तपासण्यासाठी वापरतात, आणि संशयास्पद डावांची छाननीही अशाच साधनांनी होते. सलग अनेक डावांत खेळ्या प्रणालीच्या पसंतीशी तंतोतंत जुळणे हा संशयाचा आधार असतो, पण पुरावा नव्हे. निष्णात खेळाडूंच्या खेळ्याही बऱ्याचदा तशाच जुळतात. म्हणूनच काही ऑनलाइन स्पर्धांत डाव चालू असताना कॅमेरा सुरू ठेवण्याची अट घातली जाते.