जंतू सापडला होता, वाट सापडली नव्हती

१८९७ सालचे पुणे म्हटले की रँड, चाफेकर बंधू आणि गणेशखिंडीचा रस्ता एवढेच आठवते. १९७९ च्या चित्रपटाने तर २२ जून ही तारीखच मराठी मनावर कोरून ठेवली. ज्याच्यापायी हे सारे घडले तो रोग मात्र या कथेत मागे ढकलला गेला. त्या रोगाच्या जंतूला मध्यभागी आणल्याशिवाय त्या वर्षाचा इतिहास पुरता उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

जंतू अज्ञात नव्हता. जून १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांद्र येर्सँ याने रोग्यांच्या गाठींतून प्लेगचा दंडाणू वेगळा काढला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. म्हणजे रँडचे सोल्जर पुण्याच्या वाड्यांत शिरले तेव्हा शत्रूचे रूप ठाऊक होते, त्याच्यावर लसही निघाली होती. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हेच तेवढे उमगले नव्हते.

आणि रोगजंतूच्या बाबतीत हाच प्रश्न मोलाचा असतो. बहुसंख्य सूक्ष्मजीव आपल्या वाटेला जात नाहीत. कित्येक तर आतड्यांत सुखाने नांदतात. रोगकारक ठरतो तो, ज्याला शरीरात शिरण्याची वाट, आत तगून राहण्याची युक्ती आणि पुढचे शरीर गाठण्याचे वाहन लाभलेले असते. प्लेगच्या जंतूचे हे वाहन म्हणजे पिसू. उंदराच्या रक्ताबरोबर तिच्या पोटात गेलेले जंतू तिथे वाढून तिचा अन्नमार्ग तुंबवतात. भुकेने कासावीस झालेली पिसू पुन्हापुन्हा चावत सुटते, आणि शोषलेले रक्त आत न जाता जंतूंसह दंशात परतते. तिथून ते लसीकेच्या वाटेने जांघेतल्या किंवा काखेतल्या ग्रंथींत जातात. रक्षणाला धावून आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये हा जंतू अशी प्रथिने सोडतो की त्या जागीच पंगू होतात. मग ग्रंथी सुजते. वैद्यांनी याला ग्रंथिक सन्निपात म्हटले ते यथार्थच होते. जंतू रक्तात उतरले की विषबाधेने अवयव निकामी होतात. फुप्फुसांत पोहोचले, तर मात्र पिसवेची गरज उरत नाही. रोग्याच्या खोकल्यातूनच रोग पसरतो.

सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या, हे सर्वश्रुत आहे. गाठीच्या रोग्याला नुसते शिवल्याने सहसा रोग लागत नाही. पण अंगावरच्या कपड्यांत पिसू असते, किंवा रोग छातीत उतरलेला असतो, आणि पाठीवर घेतलेले मूल दोन्ही अर्थांनी जवळ असते.

आता प्लेग कमिटीचे काम या ज्ञानाच्या उजेडात पाहावे. घरोघर झडती, माणसांची तपासणी, रोगी रुग्णालयात, घरचे लोक छावणीत. मग जमीन उकरायची, भिंती जंतुनाशकाने धुवायच्या, सामान जाळायचे. साराच रोख माणूस आणि त्याची घाण यांवर. आढ्यावरचा उंदीर हुसकला गेला की शेजारच्या वाड्यात, आणि उंदीर मेला की त्याच्या पिसवा नव्या रक्ताच्या शोधात. पुढच्या साथींत आपल्याकडच्या खेड्यांतून ‘उंदीर पडले’ की लोक घरदार सोडून माळावर झोपड्या घालून राहत. पुस्तकी शास्त्रापेक्षा ही रीत त्या घडीला अधिक शास्त्रीय होती. गंमत अशी की सक्तीच्या छावण्यांनी माणसे उंदरांपासून दूर जात, आणि तेवढा गुण त्यांच्याही पदरात घालावा लागतो.

दामोदर चाफेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर दीड महिन्याने, २ जून रोजी, मुंबई इलाख्यातल्याच कराचीत पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवेच्या द्वारे एका उंदराचा प्लेग दुसऱ्या उंदराला लागतो हे दाखवले. त्याच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत नव्या आयोगाने गिनीपिगांवर प्रयोग केले. पिसवांपासून राखलेले जगले, न राखलेले मेले. तेव्हा कुठे वाद मिटला. तोवर देशात लाखो माणसे दगावली होती.

मग रँडचा दोष अज्ञानाच्या खात्यावर टाकावा काय? आमच्या मते नाही. जमीन उकरण्याचा खुलासा अज्ञानाने होतो. देवघरात बुटांनिशी शिरण्याचा, स्त्रियांना परपुरुषांसमोर उभे करून तपासण्याचा होत नाही. पुण्यातल्या पत्रांची मुख्य तक्रार याच गोष्टींविषयी होती. रोग्याला वेगळे ठेवण्यास टिळकांचा तत्त्वतः विरोध नव्हता. हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत ते स्वतः होते. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.