सेल्फने नाही, धक्क्याने चालू

पॉइंट आणि कंडेन्सर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांची एक तक्रार गॅरेजवाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पेटत नाही. चौघांनी धक्का मारून गियर टाकला, की तीच गाडी लगेच सुरू होते. मग प्लग बदलले जातात, कार्ब्युरेटर उघडला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. या दुखण्याचे मूळ पाहण्यासाठी आपल्याला १९१० च्या आसपासच्या अमेरिकेत जावे लागेल.

त्या काळी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल फिरवायचे. सिलिंडरमध्ये ठिणगी वेळेआधी पडली तर दट्ट्या उलटा ढकलला जाई, हँडल उसळून मागे येई आणि फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. ठिणगीची वेळ मागे घेण्यासाठी एक दांडी असे. ती ओढायला विसरले की संपलेच. १९०८ साली बायरन कार्टर हा मोटार कारखानदार वारला. वाटेत अडलेल्या एका बाईंच्या गाडीचे हँडल मारताना झालेली दुखापत त्याला भोवली, आणि त्यामुळे कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड हँडल घालवण्याच्या मागे लागला, असे सांगतात. या कथेचे तपशील प्रत्येक जण थोडे वेगळे सांगतो. मोडलेली मनगटे मात्र खरी होती.

लेलँडने हे काम दिले चार्ल्स केटरिंगला. ओहायोतल्या डेटन गावी गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत काम करताना त्याने त्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. ही मोटर क्षणभरच चालते, तेव्हा तिच्यावर पेलण्यापलीकडचा भार टाकला तरी ती तापून जळायच्या आत काम उरकते, हे त्याला तिथे कळले होते. इंजिन सुरू करायलाही काही सेकंदच पुरतात! १९१२ च्या कॅडिलॅकला त्याचा सेल्फ स्टार्टर बसला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तो मिळायला १९१९ साल उजाडले.

आपल्या तक्रारीचा धागा मात्र केटरिंगच्या त्याआधीच्या कामात आहे. १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्याने बॅटरीवर चालणारी ठिणगी-यंत्रणा दिली होती. शाळेच्या प्रयोगशाळेतली इंडक्शन कॉइल ज्यांनी हाताळली आहे, त्यांना ती नवी वाटणार नाही. कॉइलच्या जाड तारेतून प्रवाह वाहतो, पॉइंट उघडले की तो एकाएकी तुटतो आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. प्रवाह झटक्यात तुटावा म्हणून पॉइंटना कंडेन्सर जोडलेला असतो. ही युक्ती फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्येच सुचवली होती. मॅग्नेटोची ठिणगी हँडलच्या मंद गतीत दुबळी पडे. बॅटरीची ठिणगी मंद गतीतही जोरदार. म्हणजे सुरू करण्याच्या क्षणासाठी हीच व्यवस्था उत्तम होती, आणि दोनच वर्षांनी तिच्या जोडीला सेल्फ येऊन बसला.

आता आकडे घालून पाहू. बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट, अंतर्गत रोध ०.०१५ ओहम धरू. सेल्फ २०० अँपिअर ओढतो, तेव्हा ३ व्होल्ट आतच खर्च होतात आणि बाहेर ९.६ उरतात. बॅटरी जुनी, रात्र थंड, इंजिनातले तेल घट्ट, म्हणजे दाब ९ च्याही खाली. ३ ओहमच्या कॉइलमधून एरवी ४ अँपिअर जातात. ९ व्होल्टला ३ च. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती १६ ला ९, जवळजवळ निम्म्यावर येते. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि ठिणगी मोठी हवी, नेमकी तेव्हाच ती रोडावते. धक्का मारताना सेल्फ काहीच ओढत नाही, म्हणून कॉइलला जवळपास पुरा दाब मिळतो. (धक्क्याने इंजिन वेगात फिरते, हेही खरे. आणि बॅटरी पुरतीच मेली असेल तर धक्क्यानेही काही होत नाही.)

१९५० च्या दशकात अमेरिकी मोटारी ६ वरून १२ व्होल्टवर आल्या, तेव्हा अनेकांनी यावर तोड काढली. कमी दाबावर चालणारी कॉइल घ्यायची, तिच्याशी एकसरीत एक रोध जोडायचा आणि सेल्फ चालू असेपर्यंत तो वगळायचा. अशा गाडीचे इंजिन सेल्फवर पेटून किल्ली सोडताच बंद पडले, तर तो रोध तुटला आहे. सेल्फ फिरताना न पेटता किल्ली सोडतानाच पेटले, तर रोध वगळणारी तार तुटलेली असेल, किंवा बॅटरी थकलेली.

म्हणून प्लगला हात लावण्याआधी व्होल्टमीटर काढावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, सेल्फ चालू असताना बॅटरीचा दाब मोजावा. तो साडेनऊच्या बराच खाली गेला तर संशय बॅटरीवर. तो ठीक असून कॉइलपाशी कमी भरला तर तारा, स्विच आणि जोड तपासावेत. बॅटरीचा खांब आणि त्यावरची पकड यांच्यामध्येही मोजावे. तिथे अर्धा व्होल्ट पडत असेल, तर २०० अँपिअरला १०० वॉट उष्णता त्या गंजलेल्या सांध्यातच निघते आणि पकड हाताला गरम लागते. दोन मिनिटांचे पॉलिश पेपरचे काम.

वर्गात हे दाखवायला गाडी लागत नाही. टॉर्चचे दोन वापरलेले सेल, एक बल्ब आणि त्याला समांतर खेळण्यातली मोटर पुरे. मोटरचा दांडा बोटांनी धरून ठेवला, की बल्ब मंदावतो. नव्या सेलवर तो किती कमी मंदावतो, हे मुलांना करून पाहू द्यावे.