वान्झे येथील बैठक

बर्लिनच्या नैर्ऋत्येस वान्झे नांवाचें एक रमणीय सरोवर आहे. त्याच्या कांठच्या एका प्रशस्त बंगल्यांत २० जानेवारी १९४२ रोजीं हिटलरच्या राज्यांतील पंधरा वरिष्ठ अधिकारी एकत्र जमले. अध्यक्षस्थानीं सुरक्षा-खात्याचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिश होता. टिपण तयार करण्याचें काम आडोल्फ आइशमन याजकडे होतें. रस्त्यावरचे गुंड म्हणावेत असे हे गृहस्थ नव्हते. त्यांतील आठ जण विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविलेले होते, आणि त्यांचा मुख्य व्यासंग कायद्याचा!

यहुद्यांच्या संहाराचा निर्णय या बैठकींत झाला असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो खरा नव्हे. १९४१ च्या जून महिन्यांत रशियावर स्वारी झाली, तेव्हांपासूनच गोळ्या घालून कत्तल चालू होती. कीएव्हनजीकच्या बाबी यार या घळींत सप्टेंबरच्या २९ व ३० तारखांस ३३,७७१ यहुदी मारल्याची नोंद मारणाऱ्यांनींच करून ठेविली आहे. वान्झे येथें ठरावयाचें होतें तें निराळें. प्रत्येक खात्यानें या कामीं हायड्रिशचें वर्चस्व मान्य करावें व आपापला वांटा उचलावा, एवढाच हेतु होता.

सुमारें दीड तासांत काम आटोपलें. मूळ गोष्टीस विरोध कोणींच केला नाहीं. गृहखात्याचा सचिव विल्हेल्म श्टुकार्ट हा न्यूरेंबर्गच्या वंशकायद्यांवरील भाष्याचा एक कर्ता. त्याची अडचण होती ती मिश्र विवाहांच्या संततीविषयीं. प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करीत बसल्यास कचेरीचें काम अनंत वाढेल, सबब त्यांचें सक्तीनें निर्बीजीकरण करावें, असें त्यानें सुचविलें. पोलंडमधील जर्मन कारभाराचा प्रतिनिधि योझेफ ब्यूलर यानें तर आपल्याच मुलखापासून प्रारंभ व्हावा अशी विनंती केली. टिपणांत ‘पूर्वेकडे पाठविणें’ हेच शब्द आहेत. सोबत युरोपांतील १ कोटी १० लाख यहुद्यांची देशवार यादी आहे, आणि तींत जर्मनांच्या ताब्यांत कधींच न आलेले इंग्लंड व स्वित्झर्लंडहि आहेत.

पाठविण्याचें काम रेल्वेकडे आलें. तिनें तिसऱ्या वर्गाचें भाडें आकारलें: दर किलोमीटरला चार फेनिग, दहा वर्षांखालील मुलांस अर्धें, चार वर्षांखालील मुलांस माफ. निदान चारशें उतारू असल्यास निम्मी सवलत. परतीचें भाडें पहारेकऱ्यांपुरतेंच! २८ जुलै १९४२ रोजीं रेल्वेच्या कारभारांतील सचिव आल्बेर्ट गान्झेनम्युलर यानें हिमलरच्या कचेरीस कळविलें कीं, २२ तारखेपासून वॉर्साहून त्रेब्लिंकास रोज एक गाडी पांच हजार यहुदी घेऊन जात आहे.

टिपणाच्या तीस प्रती निघाल्या होत्या; परराष्ट्रखात्याच्या दप्तरांतील सोळावी तेवढी १९४७ सालीं हातीं लागली. श्टुकार्टला १९४९ मध्यें भोगलेल्या कैदेइतकीच शिक्षा होऊन तो सुटला. आइशमनला १९६२ सालीं इस्रायलमध्यें फांशी झाली. गान्झेनम्युलरवरील खटला १९७३ सालीं उभा राहिला, आणि आरोपीच्या हृदयविकारामुळें थांबला तो पुढें चाललाच नाहीं.