मनगटात शिरलेली दुर्बीण

मनगटाची आठ लहान हाडे एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे, म्हणजेच अस्थिबंध किंवा लिगामेंट, क्ष-किरणांच्या साध्या चित्रात उमटत नाहीत, आणि म्हणूनच ते फाटल्याने मनगटाला येणारी अस्थिरता दीर्घकाळ हाडांच्या स्थितीवरूनच ताडली जात होती. १९७२ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील लिन्शाइड, डॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांमधील कोनांच्या आधारे या अस्थिरतेचे प्रकार ठरवले. नावेच्या आकाराचे स्कॅफॉइड आणि चंद्रकोरीसारखे ल्युनेट यांच्यामधला बंध तुटला, की पहिले तळव्याकडे झुकते आणि दुसरे हाताच्या पाठीकडे कलते. हे काम पायाभूतच होते. तरीही हाडे जागची हललेली नसताना बंध अर्धवट फाटलेला असेल, तर तो या मोजमापातूनही निसटत असे.

ही उणीव भरून काढणारे साधन मुळात गुडघ्यासाठी घडले. क्षयाने ताठरलेला गुडघा जमिनीवर बसण्याची रीत असलेल्या जपानमध्ये माणसाला फारच पांगळे करी, आणि अशा रोगांचे निदान वेळीच व्हावे म्हणून केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये टोकियोत मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांच्या ‘क्रमांक २१’ दुर्बिणीच्या टोकाशी इवलासा दिवा असे आणि तो सांध्यातच फुटण्याची धास्ती असे. पुढे काचतंतूंतून प्रकाश आत नेता येऊ लागला, नळी बारीक होत गेली, आणि १९७० च्या सुमारास वातानाबे यांनी अवघ्या १.७ मिलिमीटर व्यासाची दुर्बीण सिद्ध केली. १९७९ मध्ये चेन यांनी मनगट व बोटांच्या सांध्यांच्या अशा तपासणीवर लेख प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या दशकात टेरी व्हिपल आदी अमेरिकी शल्यविशारदांनी बोटे पकडीत अडकवून सांधा ताणण्याची आणि मनगटाच्या पाठीवरील स्नायुबंधांमधून आत शिरण्याची पद्धत घोटून बसवली.

१९९६ मध्ये गाइस्लर आणि सहकाऱ्यांनी मनगटातील बंधांच्या दुखापतीच्या चार पायऱ्या मांडल्या, आणि त्यांतील शेवटची पायरी विशेष बोलकी आहे: तिथे दोन हाडांमधली फट इतकी रुंदावलेली असते, की २.७ मिलिमीटरची दुर्बीणच त्यातून पलीकडे जाते. पाहण्याचे साधन असे मोजण्याचेही साधन झाले. पुढे दुर्बीण आत घालण्याच्या बारीक छिद्रांतूनच तारांनी हाडे स्थिर करणे, आणि पॅरिसच्या मातुलँ यांच्या पद्धतीप्रमाणे फाटलेला बंध सांध्याच्या पाठीकडील आवरणाशी टाके घालून जोडणे शक्य झाले. मोठी चीर टळल्याने ते आवरण फारसे दुखावत नाही, हा यातला खरा लाभ आहे. मात्र दुखापत जुनी होऊन कूर्चा झिजली असेल, तर नुसता बंध शिवून भागत नाही आणि काही हाडे काढण्याचा किंवा एकमेकांशी सांधण्याचा मार्ग धरावा लागतो.